समोर कोण उभं आहे?

बेळगावात टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत कुठल्याही नव्या जिमच्या पाटीवर हल्ली ‘फंक्शनल ट्रेनिंग’ हे शब्द असतात. आत शिरलं की जमिनीवर पसरलेले जाड दोर, कोपऱ्यात ट्रॅक्टरचा टायर, ओळीनं मांडलेल्या केटलबेल आणि भिंतीला टेकून उभी असलेली लांब दांड्याची लोखंडी गदा दिसते. विकणारे तिला ‘स्टील मेस’ म्हणतात आणि त्या नावाचे जादा पैसे घेतात. जुन्या गावभागातल्या तालमीत हीच गदा बांबूच्या दांड्याला दगडी गोटा लावून मारुतीच्या मूर्तीशेजारी ठेवलेली असते आणि तिची किंमत कुणी विचारत नाही.

गदेच्या जोडीच्या मुद्गलानं तर फारच मोठा प्रवास केला. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी इथले पैलवान मुद्गल फिरवताना पाहिले आणि तो व्यायाम मायदेशी नेला. १८३४ साली लंडनमध्ये डोनाल्ड वॉकरनं पुरुषांच्या व्यायामावर पुस्तक काढलं, त्यात ‘इंडियन क्लब’ होते. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत मुद्गल फिरवण्याचं पदकही होतं. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये ते जिंकणारा जॉर्ज रॉथ हा मंदीच्या काळातला बेकार तरुण. सुवर्णपदक खिशात घालून तो स्टेडियमबाहेर आला आणि रस्त्यावरच्या गाड्यांना हात दाखवत घरी पोहोचला, असं सांगतात.

एवढं वाचलं की ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. गट व्यायाम घेणाऱ्या प्रशिक्षकानं तो मोह आवरावा. गदा हातात घेतली म्हणून व्यायाम फंक्शनल होत नाही, टायर उलटवला म्हणूनही होत नाही. तो कुणासाठी चालला आहे, यावर ते ठरतं.

या पद्धतीचं मूळ रुग्णालयात आहे. पक्षाघातानंतर किंवा मोडलेलं हाड जुळून आल्यावर माणसाला पुन्हा उठता-बसता यावं, जिना चढता यावा, स्वतःचा सदरा घालता यावा, म्हणून फिजिओथेरपिस्ट त्याच हालचाली थोड्या थोड्या करून घेत. म्हणजे रोजच्या जगण्यातली हालचाल हेच तिथं उद्दिष्ट आणि तिचाच सराव हे औषध. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या खेळाडूंच्या प्रशिक्षकांनी ही कल्पना उचलली. मायकेल बॉइल यांचं या विषयावरचं पुस्तक २००४ साली आलं. यंत्रावर बसून एकेक स्नायू वेगळा पिळण्यापेक्षा अख्ख्या शरीराला हालचाल शिकवायची, हे त्याचं सूत्र. हालचाली तशा मोजक्याच आहेत. बसून उठणं, कुल्ल्यातून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, पाऊल पुढं टाकून तोल सांभाळणं, अंग वळवणं आणि ओझं वाहून नेणं. वर्गातला कुठलाही व्यायाम घ्या, तो यांपैकी एकीत किंवा दोहोंत बसतो.

हौद्यातली मेहनत

सीमाभागात या सातही हालचाली एकाच छपराखाली पाहायच्या असतील तर तालमीत जावं. निपाणीच्या जवळचं, चिकोडी तालुक्यातलं एकसंबे हे गाव कुस्तीच्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं आहे. तिथले श्रीपती खंचनाळे १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. २०२० च्या डिसेंबरात कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय, १९१२ साली पुरं झालेलं खासबाग मैदान आणि आसपासच्या गावागावांतून तिकडे निघालेली पोरं, या साऱ्याचा वारसा बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यालाही मिळाला. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात हलगी कडाडली की चंदगड-खानापूरकडची माणसं आजही गाड्या करून येतात.

पैलवानाची मेहनत नीट पाहिली तर ती किती विचारपूर्वक रचली आहे हे कळतं. पहाटे पहिलं काम हौदा उकरण्याचं. तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेली लाल माती फावड्यानं ओढायची आणि पसरायची. कुल्ल्यातून वाकणं, ओढणं आणि अंग वळवणं एका दमात होतं, आणि ज्या मातीत पडायचं ती मऊही होते. मग जोर. जोर म्हणजे पुश-अप असं समजणारे अर्धंच पाहतात. पुश-अपमध्ये शरीर फळीसारखं वर-खाली होतं. जोरात ते मागून पुढं कमानीत सरकतं. सुरुवातीला कंबर वर आणि खांदे ताणलेले, मध्ये छातीवर भार, शेवटी पाठीचा कणा मागं वाकलेला. एका जोरात खांद्याचा सांधा जवळपास पुरा फिरतो, मांड्यांची मागची बाजू ताणली जाते आणि पाठ उघडते.

बैठकीतही असंच. पैलवान टाचा उचलून, चवड्यांवर, झपाट्यानं बैठका मारतो, कारण कुस्तीत त्याला चवड्यांवरूनच झेप घ्यायची असते. दोर चढण्यात ओढण्याची ताकद येते आणि पकडही. गदा फिरवण्यात खांद्यामागची, सहसा कामाला न लागणारी बाजू राबते. गदेचं शास्त्र प्रशिक्षकाला पक्कं माहीत हवं. गोटा हातापासून जितका लांब, तितका खांद्यावर पडणारा पीळ जास्त. अंतर दुप्पट झालं की पीळही दुप्पट. त्यामुळे शिकाऊ माणसाला हलकी गदा शोधत बसायची गरज नाही. दांडा गोट्याच्या जवळ धरायला सांगा, तीच गदा हलकी होते. पुढच्या महिन्यात पकड चार बोटं खाली सरकवा.

पण तालमीची मेहनत हा तालमीतल्या पोराचा व्यायाम आहे. तो वीस वर्षांचा, दिवसभर दुसरं काम नसलेला, दूध-बदामाचा खुराक असलेला आणि दुपारी झोप घेणारा गडी. हजार बैठकांचा आकडा हा तिथं मानाचा प्रश्न असतो. तो आकडा पंचावन्न वर्षांच्या, दहा किलो वजन वाढलेल्या माणसाच्या गुडघ्यावर लादणं म्हणजे दुखणं विकत घेणं. शिवाय शतकानुशतकं या मेहनतीतून बायका बाहेर राहिल्या. जुन्या पद्धतीचा अभिमान बाळगताना हे दोन्ही दोष झाकू नयेत. वस्तादाकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. तो पोराला पहिल्या दिवशी आकडा सांगत नाही. त्याचा बांधा पाहतो, चाल पाहतो, दम पाहतो आणि मग कुणी किती करायचं ते ठरवतो.

बिडी, ऊस, भट्टी, खुर्ची

बेळगाव-निपाणीतल्या प्रशिक्षकापुढे चार अगदी वेगळी शरीरं येतात, आणि या प्रकरणाचा सारा मुद्दा त्यांच्याभोवती आहे. काम जे शरीराला दिवसभर देतं तेच वर्गात पुन्हा देऊ नका. काम जे देत नाही ते द्या.

निपाणीची तंबाखू प्रसिद्ध आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवून केलेलं आंदोलन पुष्कळांना आठवत असेल. त्याच तंबाखूवर वखारींत आणि घराघरांत राबणाऱ्या बायकांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. छाया दातार यांनी त्यांच्या संघटनेवर १९८९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बिडीची मजुरी हजारावर मोजतात. मांडीवर सूप घेऊन बसायचं, ओलसर पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मान खाली, खांदे पुढं, पाठीला पोक आणि बोटं अखंड चालू. तास दोन तास नव्हे, दिवस.

आता या बाईला शहरी प्रशिक्षक काय देतो? चटईवर मांडी घालून बसवतो आणि पुढं वाकायला सांगतो. जे ती सकाळपासून करून आली तेच. तिला हवं आहे उलटं. भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवणं, खांब धरून छाती उघडणं, दोरी किंवा जुनी ओढणी खांबाला अडकवून स्वतःकडे ओढणं, एक पाय मागं ठेवून कमरेची पुढची बाजू ताणणं आणि भरभर चालणं. बोटांसाठी मुठी आवळण्यापेक्षा बोटं फाकवण्याचा व्यायाम. पाचही बोटांना रबर लावून ती उघडायची. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्यांना खोकला, धाप यांचा त्रास असू शकतो, म्हणून पहिल्या आठवड्यांत वेग कमी ठेवावा. आणि बहुतेकजणी साडीतच येतात, हे गृहीत धरून आखणी करावी. पाठीवर झोपून पाय वर करायचे व्यायाम भर हॉलमध्ये साडीत कुणी करत नाही. ते करायला सांगितलं की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असतो.

पण याच बाईकडे एक गोष्ट अशी आहे जी शहरातल्या बँक अधिकाऱ्याकडे नसते. ती जमिनीवरून उठते आणि जमिनीवर बसते, दिवसातून कितीतरी वेळा. ब्राझीलचे डॉक्टर क्लाउदिओ जिल अराउजो यांनी यावरच एक साधी चाचणी बेतली आहे. जमिनीवर बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात, कोपर, गुडघा यांपैकी जे जे टेकाल त्याचा एकेक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांवर केलेला त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी गुणवाल्यांचं पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण चांगल्या गुणवाल्यांच्या कितीतरी पट निघालं. उठता न आल्यामुळे माणूस मरतो असा त्याचा अर्थ नाही. ताकद, तोल, लवचिकता आणि वजन या चारही गोष्टींचा हिशेब त्या एका उठण्यात दिसतो, एवढाच. म्हणून निपाणीच्या वर्गात खुर्च्या मांडायची घाई करू नये. ज्यांना जमिनीवरून उठता येतं त्यांना ते टिकवू द्या. फक्त दर वेळी पाय बदलायला सांगा, कारण प्रत्येकीचा एक ‘सवयीचा’ पाय असतो आणि दुसरा आळशी होत जातो.

ऊसतोडीचं गणित वेगळं. चिकोडी-निपाणीचा पट्टा उसाचा. कोयता एका हातात, कंबर वाकलेली, तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ओझं वाहणं, वाकणं, वळणं सगळं होतं, पण एकाच बाजूनं आणि थकलेल्या शरीरानं. हंगाम चालू असताना अशांना जोरकस व्यायाम देणं म्हणजे दमलेल्या बैलाला शर्यतीला जुंपणं. त्यांना वीस मिनिटं पुरेत. पालथं झोपून पाठ मागं उचलणं, विरुद्ध बाजूला वळणं, आणि पाठ सरळ ठेवून कुल्ल्यातून वाकायची सवय. शेवटचं काठीनं शिकवता येतं. पाठीवर काठी उभी धरायची, ती डोकं, पाठीचा मध्य आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. वाकताना एक जरी ठिकाण सुटलं तर वाकणं कमरेतून झालं, कुल्ल्यातून नाही. कुठल्याही भाषणापेक्षा काठीचा स्पर्श लवकर शिकवतो.

उद्यमबागच्या फाउंड्रीतला कामगार पाळी संपवून येतो तो उष्णतेनं निथळलेला. त्याला ‘हाय इंटेन्सिटी’च्या नावाखाली उड्या मारायला लावणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, त्यांना व्यायाम कळतो, पण फाउंड्री कळत नाही. आधी पाणी, मग दहा मिनिटं संथ हालचाल, मग थोडे पण जड व्यायाम आणि सुट्टी. कॉलेजचे प्राध्यापक, बँकेतले लोक, संगणकापुढचे तरुण यांना उलट खरोखरच जोर हवा. त्यांच्या दिवसात ओझं उचलणं नाही, वाकणं नाही, धाप लागणं नाही. लिफ्टची सवय असलेल्याला राजहंसगडाच्या चढावर एखाद्या रविवारी न्या, काय कमी आहे ते त्याला न सांगता कळतं.

पाचवा गट आपण होऊन येतो. बेळगाव १९२२ पासून मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, आणि या भागातल्या खेड्यांत भरतीचं स्वप्न घराघरात आहे. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर धावणं, बीमवर पुल-अप्स, नऊ फुटांचा खंदक आणि झिगझॅग पट्टीवरचा तोल असतो. इथं काम आणि व्यायाम एकच, म्हणून वरचा नियम इथं उलटा फिरतो आणि नेमका त्याच चाचणीचा सराव लागतो. या पोरांची अडचण आळसाची नसून अधीरपणाची असते. रोज पूर्ण ताकदीनं डांबरी रस्त्यावर धावून नडगीला सूज आणतात. आठवड्यात दोनच दिवस वेगाचे, बाकीचे दिवस गप्पा मारता येतील अशा संथ गतीचे, हे त्यांच्या गळी उतरवणं हीच मोठी प्रशिक्षकी.

पंचमीचे खेळ

बायकांच्या गटासाठी परदेशी व्हिडिओ शोधणाऱ्यांनी नागपंचमीला एखाद्या गावात जावं. झिम्म्यात हातांची ओलांडणी आणि पावलांचा ताल आहे, म्हणजे समन्वय. फुगडीत दोघी एकमेकींचा भार पेलून मागं झुकतात. पकड, पाठीची ताकद आणि गरगरतानाचा तोल तिन्ही लागतात. पिंग्यात बाजूला पावलं पडतात, आणि वय वाढलं की बाजूला पाऊल टाकायची सवयच प्रथम जाते. बस फुगडी मात्र खोल बैठकीतल्या उड्यांची. ती तरुण पोरींनाच द्यावी. गुडघेदुखी असलेल्या मावशीला हौसेपोटी बसू देऊ नये, ती कितीही म्हणाली ‘आमच्या वेळी आम्ही शंभर घालत होतो’ तरी. फुगडीसाठी जोड्या लावताना उंची आणि वजन सारखं पाहावं आणि फरशी कोरडी. बाकी या खेळांना संगीत लावायची गरज नाही, ते बायकांच्या तोंडातच असतं.

पोरांच्या गटाला लेझीम आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी ती शिकावीच लागते, तर तीच वर्षभर का शिकवू नये? खाली बसून, उठून, वळून, पुढं झेप घेऊन एका तालात वीस मिनिटं लेझीम खेळलेल्या माणसाला ट्रेडमिलची आठवण येत नाही.

चोवीस जणांचा एक गट कसा चालवायचा

सगळ्यांनी एकत्र, एका तालावर, आज्ञा ऐकून व्यायाम करायचा ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच रुजली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न माणिकराव यांनी लाठी, लेझीम, मुद्गल अशी देशी साधनं घेऊन हिंदी आज्ञांवर चालणारा संघ व्यायाम उभा केला. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्यांचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आला. त्या काळाचा भर शिस्तीवर होता, रांग सरळ हवी, हात एकाच उंचीवर हवेत. आजच्या वर्गाला ती सरळ रांग नको. एकाच रांगेत तिशीतली शिक्षिका आणि सत्तरीतले निवृत्त सुभेदार उभे असतात, त्यांचे हात एका उंचीवर आले तर कुणाचं तरी चुकतं आहे.

म्हणून प्रत्येक व्यायामाच्या तीन पायऱ्या तोंडपाठ असाव्यात. जोर घ्या. पहिली पायरी भिंतीवर, दुसरी कट्ट्यावर हात टेकून, तिसरी जमिनीवर. बैठक घ्या. उंच बाकावर टेकून उठणं, टेकल्यासारखं करून न टेकता उठणं, मग खोल बैठक. सोपी पायरी सर्वांत आधी दाखवायची आणि तिला ‘सोपी’ म्हणायचं नाही. वर्गातला प्रत्येक पुरुष सोपी म्हटलं की लगेच अवघड मागतो, आणि लाजणारी बाई अवघड दाखवलं की घरी जाते.

चोवीस जण असतील तर सहा ठिकाणं आखा, प्रत्येक ठिकाणी चौघं. चाळीस सेकंद व्यायाम, वीस सेकंदांत पुढच्या ठिकाणी. एक फेरी सहा मिनिटांची. तीन फेऱ्या आणि मधली दोन विश्रांतीची मिनिटं मिळून वीस मिनिटं होतात. बाकावरून उठणं, भिंतीवर किंवा कट्ट्यावर जोर, खताच्या रिकाम्या पोत्यात दहा किलो वाळू भरून ती कुल्ल्यातून वाकून उचलणं, खांबाला बांधलेला दोर ओढणं, पाच लिटरचा पाण्यानं भरलेला तेलाचा कॅन एका हातात घेऊन चालणं, जमिनीवर बसून उठणं. सातही हालचाली यात आल्या. वळणं राहिलं असं वाटेल, पण एका हातातलं ओझं घेऊन सरळ चालताना कमरेच्या बाजूचे स्नायू शरीराला कलू आणि वळू न देण्यासाठीच झटत असतात. घागर कमरेवर घेणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, फक्त बाजू बदलायला सांगावी लागते. खर्च म्हणाल तर पोती, वाळू, दोर आणि कॅन. चार-पाचशे रुपयांच्या आत हा ‘स्टुडिओ’ उभा राहतो. पावसाळ्यात मैदानं चिखलानं भरतात तेव्हा तो देवळाच्या सभामंडपात किंवा मंगल कार्यालयात हलवता येतो.

आठवड्यागणिक वजन, संख्या किंवा वेग यांपैकी एकच गोष्ट वाढवावी, तिन्ही एकदम नाही. जोर मोजायला यंत्र लागत नाही. बोलता येतं पण गाता येत नाही, अशी अवस्था मध्यम श्रमाची. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो ती तीव्र श्रमाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. पासष्टीनंतर त्यात आठवड्याला तीन दिवस तोलाचा व्यायाम मिळवावा. तोलाचं काम आपल्या वर्गांतून हमखास वगळलं जातं, कारण एका पायावर उभं राहण्यात घाम येत नाही आणि घाम आला नाही की लोकांना फी वाया गेल्यासारखं वाटतं. तो आग्रह प्रशिक्षकानं मोडून काढावा.

सूचना द्यायची ती हालचालीच्या आधी, तीन-चार शब्दांत. ‘छाती वर, टाचा खाली’ एवढं पुरे. शरीरशास्त्राचं व्याख्यान पाणी पिताना द्यावं. गटाकडे तोंड करून उभे असाल तर ‘उजवा’ म्हणताना स्वतःचा डावा हलवावा. रांगांऐवजी गोल करावा, कारण रांगेत नवखा नेहमी मागं जातो आणि त्याला काही दिसत नाही. मोजणी एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. एक, दोन, तीन... ओंदु, एरडु, मूरु. बेळगावच्या वर्गात दोन्ही भाषांची माणसं असतातच, आणि दुसऱ्या भाषेत मोजताना चुकणाऱ्याला सगळे हसून दुरुस्त करतात, त्या हसण्यात दोन बैठका जास्त होतात.

दाखला आणि दक्षता

वर्गात नाव घालण्यापूर्वी प्रत्येकाला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. छातीत कधी दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आहेत का, हाडासांध्याचं ऑपरेशन झालंय का, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर, मग वर्ग. हे तोंडी विचारून चालत नाही, कागदावर सहीनिशी घ्यावं. सांध्यात एकाएकी टोचणारी कळ आली की तो व्यायाम तिथंच थांबवायचा. स्नायूतलं भरून येणं चालतं. प्रत्येक प्रशिक्षकाला छातीवर दाब देता आला पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटीमीटर खोल, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ फिरवायचा. वर्षातून एकदा हा सराव साऱ्या वर्गाकडूनच करून घ्यावा, कारण कोसळणारा माणूस प्रशिक्षकही असू शकतो.

शिकायला साधनं आहेत. केंद्र सरकारच्या ‘फिट इंडिया’ मोहिमेनं वयोगटांनुसार चाचण्या आणि व्यायाम फुकट उपलब्ध करून दिले आहेत. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ जुन्या वाचनालयांत मिळाला तर जरूर चाळावा. त्यातली आहाराची आणि औषधांची माहिती आज जशीच्या तशी घेऊ नये, पण मुद्गल आणि मल्लखांबाच्या आकृत्यांना तोड नाही. सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे गावातले निवृत्त जवान आणि जुने पैलवान. आठवड्यातून एक दिवस त्यांना बोलवावं, मानधन द्यावं, आणि वर्गाची आखणी मात्र स्वतःच्या हातात ठेवावी.

प्रगती मोजायला अमेरिकेतल्या रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स यांची ज्येष्ठांसाठीची चाचणी सोयीची आहे. ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची. हाताची घडी छातीवर. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांत १२ ते १७ आणि पुरुषांत १४ ते १९ हा साधारण पल्ला, तोही अमेरिकी माणसांवरून काढलेला. एकसंब्याच्या मावशीची तुलना कॅलिफोर्नियाच्या आजीशी करण्यापेक्षा तिच्या स्वतःच्या पहिल्या आकड्याशी करावी. पहिल्या दिवशीचा आकडा वहीत लिहा, बारा आठवड्यांनी पुन्हा घ्या. खुर्ची तीच, वेळ तीच, पायात चप्पल होती की नाही तेही तेच. सकाळी अनवाणी घेतलेला आकडा आणि पाळीनंतर संध्याकाळी घेतलेला आकडा शेजारी शेजारी मांडून काही कळत नाही.